चौथीच्या मुलांना मोजक्या शब्दांत टिपणे काढायला कसे शिकवावे?

प्रश्न : कळवा_चौथीचा_वर्ग

नमस्कार. मी ठाण्यातील मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. माझ्या वर्गातील बहुतेक मुले सलग वाचतात आणि वाचलेल्या पाठावर तोंडी प्रश्न विचारला तर बऱ्यापैकी उत्तरेही देतात. मात्र तीच माहिती ‘थोडक्यात वहीत टिपून घ्या’ म्हटले की पाठातला परिच्छेद जसाच्या तसा वहीत उतरतो. महत्त्वाचा भाग अधोरेखित करायला सांगावा, तर पानावरची एकही ओळ रेघेवाचून सुटत नाही. चार ओळींची मर्यादा घालून पाहावी, तर मुले परिच्छेदाच्या पहिल्या चार ओळी लिहून वही मिटतात, मग मुख्य मुद्दा पाचव्या ओळीत का असेना.

2023-24 या शैक्षणिक वर्षापासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत वहीसारखी कोरी पाने जोडलेली होती आणि त्यांवर मुलांनी स्वतःच्या नोंदी कराव्यात, अशी अपेक्षा होती. हेतू चांगला होता. पण दप्तराच्या ओझ्याच्या चर्चेत, नोंद म्हणजे नेमके काय लिहायचे हे मुलांना शिकवण्याचा विषय मागेच पडला आणि आमच्याकडे तरी त्या पानांवर फळ्यावरची प्रश्नोत्तरेच उतरवली गेली. 2025-26 पासून ती पाने बंद झाली. आता टिपणांसाठी वेगळी वही सुरू करण्याचा माझा विचार आहे, परंतु तीच उतरवाउतरवी नव्या वहीत होणार असेल तर त्या वहीला काही अर्थ नाही.

त्याआधी अनुभवी शिक्षकांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडून टिपणाची अपेक्षा करणे मुळात योग्य आहे का? असल्यास सुरुवात वाचलेल्या मजकुरापासून करावी की ऐकलेल्या? आणि ज्या वयात जोडाक्षरे व ऱ्हस्व-दीर्घ अजून पक्के व्हायचे असतात, त्या वयात ‘उदा.’, ‘कि.मी.’, बाण आणि तुटक वाक्ये शिकवली तर शुद्धलेखन बिघडेल, ही माझ्या एका सहकारी शिक्षिकेची भीती कितपत खरी आहे?

उत्तर : नौपाडा_निवृत्त_शिक्षक

बाई, नमस्कार. अपेक्षा योग्य आहे. फक्त ती ‘महत्त्वाचे तेवढे लिहा’ या शब्दांत मुलांपुढे ठेवू नये. मोठे माणूस काहीही टिपते तेव्हा त्याच्या मनात प्रश्न आधीच तयार असतो: गाडी किती वाजता, गोळी जेवणाआधी की नंतर, सभा कुठल्या सभागृहात. चौथीच्या मुलाजवळ असा प्रश्न नसतो, आणि पाठ्यपुस्तकातले प्रत्येक वाक्य कोणीतरी विचारपूर्वक छापलेले असल्यामुळे त्याच्या दृष्टीने ते सगळेच महत्त्वाचे असते. त्याचे हे म्हणणे चुकीचे ठरवणे मला तरी अवघड वाटते. म्हणून उतारा हाती देण्यापूर्वी फळ्यावर एक प्रश्न लिहावा आणि त्या प्रश्नाच्या उत्तराला लागेल तेवढेच टिपायचे, एवढा एकच नियम ठेवावा.

ठाण्याच्या मुलांसाठी मी नेहमी रेल्वेचा उतारा घेत असे. ‘16 एप्रिल 1853 रोजी भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आली. चौदा डब्यांच्या या गाडीत सुमारे चारशे पाहुणे बसले होते. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ती ओढली. हे अंतर सुमारे 34 किलोमीटर होते.’ एवढाच मजकूर. फळ्यावर ‘गाडी कधी आणि कुठून कुठे आली?’ असा प्रश्न असेल, तर टिपण होते ‘16-4-1853, बोरीबंदर → ठाणे’. मग उतारा तोच ठेवून प्रश्न बदलावा, ‘गाडी कशी होती?’, आणि टिपण होते ‘14 डबे, 3 इंजिने, सुमारे 400 पाहुणे’. एकाच उताऱ्यातून दोन निराळी टिपणे निघाली आणि दोन्ही बरोबर आहेत, हे पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसते त्यातच निम्मे शिकवणे होऊन जाते. दुसऱ्या टिपणात तारीख का नाही, असे मुद्दाम विचारावे. ‘कारण ते विचारलेलेच नाही’ हे उत्तर मुलांकडूनच येते.

यानंतर शब्द कमी करण्याकडे वळावे. फळ्यावर पूर्ण वाक्य लिहावे आणि एकेका मुलाला बोलावून त्याला नको वाटणारा एक शब्द डस्टरने पुसायला सांगावा. शब्द पुसल्यावर वर्गाने वाक्य वाचायचे आणि अर्थ बदलला असे कोणाला वाटले, तर हात वर करून कारण सांगायचे. कारण पटले तर शब्द परत लिहायचा. वरच्या वाक्यातील ‘प्रवासी’ हा शब्द कोणीतरी हमखास पुसतो, कारण तो नसला तरी वाक्य चांगले वाचता येते. तिथे मुलांना सांगावे की मद्रासजवळ 1837 मध्येच दगड वाहून नेण्यासाठी रेल्वे सुरू झाली होती, त्यामुळे ‘पहिली रेल्वे 1853’ असे टिपले तर ती नोंद चूक ठरते. ‘सुमारे’ या शब्दाचेही तसेच आहे. कमी शब्द लिहिणे आणि बरोबर लिहिणे यांत ओढाताण होते तेव्हा कशाची बाजू घ्यायची, हे या खेळात न सांगता ठरते.

या वयात काय जमते आणि काय जमत नाही, याचाही विचार करावा लागतो. अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे या अमेरिकी संशोधकांनी 1983 मध्ये सारांश करण्याच्या नियमांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनावश्यक आणि पुन्हा आलेला मजकूर गाळणे पाचवीच्या मुलांना चांगले जमते, असे त्यात आढळले. मात्र मुख्य कल्पनेचे वाक्य उताऱ्यात नसेल तर ते स्वतः रचणे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाही कठीण जाते. लहान मुले उतरवत उतरवत मधले काही गाळत जातात, असेही त्या अभ्यासात दिसले. तुमच्या वर्गातील मुले हेच करत आहेत, तेव्हा ती त्यांच्या वयाला साजेशाच टप्प्यावर आहेत. चौथीचे पहिले सत्र निव्वळ गाळण्याला द्यावे. दुसऱ्या सत्रात अनेक नावांना एका नावाखाली आणणे घ्यावे, म्हणजे ‘मासुंदा, उपवन, कचराळी’ यांच्या जागी ‘ठाण्यातील तलाव’. स्वतःच्या वाक्यात सार मांडण्याची घाई प्राथमिक शाळेत करू नये. दहावीला सारांशलेखन येतेच.

आणखी एक सोय आपल्या घरातच आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. मुद्द्यांवरून गोष्ट लिहिण्याचा प्रकार मराठीच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: ‘तहानलेला कावळा – माठात थोडे पाणी – खडे – पाणी वर’. मुलांना या मुद्द्यांचे रूप पाठ झालेले असते, त्यांतील आडव्या रेघांसकट. तोच खेळ उलटा खेळावा. गोष्ट मुलांना माहीत असलेली द्यावी आणि मुद्दे त्यांना तयार करायला सांगावे. मग ते मुद्दे शेजारच्या तुकडीला गोष्ट लिहिण्यासाठी पाठवावे. त्या तुकडीला गोष्ट लिहिता आली, तर मुद्दे पुरेसे होते.

उत्तर : घणसोली_पालक

मी शिक्षक नाही, चौथीतल्या मुलीचा वडील आहे, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या वर्गशिक्षिका फळ्याचे छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवतात, प्रश्नोत्तरे बाजारातल्या मार्गदर्शकात तयार मिळतात आणि घटक चाचणीत गुण पूर्ण वाक्यातील उत्तराला मिळतात. अशा स्थितीत मुलीने वहीत ‘14 डबे, 3 इंजिने’ एवढेच लिहून आणले, तर घरात पहिला प्रश्न येतो की आज शाळेत काही शिकवले की नाही. भरलेली वही हा पालकांच्या हाती असलेला एकमेव पुरावा असतो, हे शिक्षकांनी समजून घ्यावे. टिपणे काढण्याचे कौशल्य उपयोगाचे आहे यात शंका नाही, पण ते सातवी-आठवीत शिकवले तर काय बिघडते, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : ऐरोली_परिसर_अभ्यास

घणसोलीच्या पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर परीक्षेत शोधण्यापेक्षा मुलीच्या सवयीत शोधावे, असे मला वाटते. सातवीपर्यंत तीन-चार वर्षे जे मूल फक्त उतरवते, त्याचा हात चालत असताना डोके दुसरीकडे जाण्याची सवय पक्की होते, आणि ती मोडणे नव्याने शिकवण्यापेक्षा जड जाते. फळ्याचे छायाचित्र जरूर ठेवावे. गैरहजर मुलांना त्याचा उपयोग होतो. पण छायाचित्रात काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे मुलीला ठरवावे लागत नाही, आणि टिपणातले शिकणे त्या ठरवण्यातच असते. लॅपटॉपवर टंकलिखित केलेल्या टिपणांपेक्षा हाताने काढलेली टिपणे समजण्यास अधिक मदत करतात, असे सांगणारा 2014 चा एक अमेरिकी प्रयोग याच संदर्भात नेहमी पुढे केला जातो. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा आहे आणि पुढे तो पुन्हा करून पाहणाऱ्यांना इतका ठळक फरक दिसला नाही, म्हणून प्राथमिक शाळेसाठी मी त्याचा आधार घेणार नाही.

नौपाड्याच्या सरांनी वाचलेल्या मजकुराबद्दल सविस्तर लिहिलेच आहे आणि सुरुवात तिथूनच करावी, कारण पुस्तकातला उतारा मुलासाठी थांबतो, बोलणारा माणूस थांबत नाही. मी ऐकून टिपण्याबद्दल लिहिते. चौथीच्या मुलाला अक्षर वळवण्याकडेच इतके लक्ष द्यावे लागते की ऐकणे आणि लिहिणे ही दोन कामे त्याला एका वेळी जमत नाहीत. म्हणून वर्गात मी ‘पेन्सिल खाली’ असे म्हणून दोन-तीन मिनिटे सांगते, मग ‘पेन्सिल हातात’ म्हणते आणि मी गप्प बसते. त्या शांततेत मुलांनी आठवेल ते टिपायचे असते. ऐकताना लिहिण्याची बंदी असल्यामुळे शब्दन्‌शब्द उतरवणे आपोआपच अशक्य होते आणि मनात उरलेले तेवढेच कागदावर येते.

मराठीत ऐकून टिपताना एक अडचण मात्र हमखास येते. आपल्याकडे नकार बहुतेकदा वाक्याच्या शेवटी असतो आणि मूल तोवर लिहायला लागलेले असते. ऐरोलीच्या खाडीकाठी मुलांना घेऊन जातो तेव्हा हे स्पष्ट दिसते. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ही माहिती मुले सहज टिपतात, कारण वर्ष आणि नाव यांत गफलत होण्यासारखे काही नसते. पण ‘फ्लेमिंगोचे पिल्लू जन्मतः गुलाबी नसते, ते करडे असते, शेवाळ आणि लहान जलचर यांतील रंगद्रव्यांमुळे पुढे त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते’ असे सांगितले, की कोणाच्या तरी वहीत ‘पिल्लू गुलाबी’ एवढेच सापडते. ते मूल दुर्लक्ष करत नव्हते; ‘नसते’ हा शब्द येईपर्यंत त्याची ओळ लिहून झाली होती. यावर मी मुलांना एक खूण दिली आहे: ‘नाही’ ऐकले की त्या शब्दावर तिथल्या तिथे फुली. म्हणजे ‘पिल्लू – करडे, गुलाबी ✗’. ‘शिवाय’, ‘पेक्षा’, ‘फक्त’ हे शब्दही असेच अर्थ फिरवतात. ते कधीही गाळायचे नाहीत, असे वर्गात लिहून भिंतीवर लावले आहे.

आता शुद्धलेखनाच्या भीतीबद्दल. बाणाचे चिन्ह मराठी टिपणात फार कामाचे आहे, कारण आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात आणि प्रत्यय गाळला की कोणी कोणाला काय केले हेच कळेनासे होते. ‘मुंबईहून ठाण्याला’ यातले ‘हून’ आणि ‘ला’ काढले तर दोन शहरांची नावे उरतात. मध्ये बाण घातला की प्रत्ययांचे काम तो करतो. कारण आणि परिणाम यांच्यामध्येही तोच बाण चालतो: ‘रंगद्रव्य → गुलाबी पिसे’. मुलांना ‘उदा.’, ‘कि.मी.’, ‘इ.स.’ अशी पुस्तकात छापलेली संक्षेपरूपेच द्यावीत आणि मनाने शब्द तोडण्याची मुभा देऊ नये, म्हणजे सहकारी बाईंची काळजी बरीचशी मिटेल. जो शब्द लिहायचा तो पूर्ण आणि शुद्ध. कमी करायची ती शब्दांची संख्या. शिरोरेषा मात्र मी टिपणांच्या वहीत माफ केली आहे, आणि त्याबद्दल आमच्या शाळेत अजूनही वाद चालू आहे.

एका बाबतीत सरांपेक्षा माझे मत थोडे वेगळे आहे. शब्द पुसण्याच्या खेळात चढाओढ लागली की काही मुलांना सगळ्यात कमी शब्द म्हणजे सगळ्यात चांगले टिपण असे वाटू लागते आणि ती एका शब्दावर येऊन थांबतात. ‘दहा शब्दांत लिहा’ अशी मर्यादाही याच कारणाने मी घालत नाही; मुले बोटांवर शब्द मोजत बसतात आणि मजकूर बाजूला राहतो.

प्रश्नकर्ती : कळवा_चौथीचा_वर्ग

सर्वांचे मनापासून आभार. डस्टरचा खेळ आणि ‘पेन्सिल खाली’ हे दोन्ही लगेच करून पाहण्यासारखे आहे. दोन गोष्टी अजून स्पष्ट व्हायच्या आहेत. ही वही तपासायची कशी? प्रत्येकाचे टिपण निराळे असणार, त्यामुळे लाल शाईने बरोबर-चूक करण्यासारखे त्यात फारसे नसेल, आणि पालकांच्या नजरेला तर ती वही रिकामीच दिसेल. दुसरे असे की वर्गात अशी काही मुले आहेत ज्यांचे वाचन अजून अडखळत होते. त्यांना या कामातून तूर्त वगळावे का?

उत्तर : कोपरखैरणे_पाचवी

मी पाचवीला शिकवतो, त्यामुळे तुमच्याकडची मुले पुढे आमच्यासारख्यांकडेच येतात, म्हणून या चर्चेत माझाही स्वार्थ आहे.

टिपण तपासण्याचा प्रश्न आम्ही वहीच्या समासाने सोडवला. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी 1950 च्या दशकात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पानाची एक मांडणी सुचवली होती: उजवीकडच्या मोठ्या भागात टिपणे, डावीकडच्या अरुंद पट्टीत त्यांवरचे प्रश्न किंवा कळीचे शब्द आणि तळाशी थोडक्यात सार. त्यातला तळाचा भाग आम्ही सोडून दिला, कारण सरांनी म्हटल्याप्रमाणे ते या वयात जमत नाही. डावा समास तर आपल्या वह्यांना असतोच. मुलांनी टिपण काढल्यावर दुसऱ्या दिवशी समासात त्या टिपणावर एक-दोन प्रश्न लिहायचे, मग उजवा भाग पट्टीने किंवा हाताने झाकून शेजारच्याने प्रश्न विचारायचा आणि वहीच्या मालकाने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे. उत्तर देता आले नाही तर टिपण उघडून पाहायचे. पाहूनही सांगता आले नाही, तर पुस्तक उघडून हरवलेला शब्द वेगळ्या रंगाने टिपणात भरायचा. त्या रंगीत शब्दांवरून शिक्षकाला एका नजरेत कळते की कोण काय गाळतो आहे. मी लाल शाई फक्त तिथे वापरतो जिथे नोंद वस्तुतः चूक आहे, म्हणजे ‘पिल्लू गुलाबी’ अशा ठिकाणी.

पालकांच्या बाबतीत वही दाखवण्यापेक्षा मुलाला बोलू देणे अधिक उपयोगी पडते. पालकसभेत मुलाने पुस्तक न उघडता, केवळ टिपणावर नजर ठेवून आईवडिलांना पाठ सांगायचा. पाच-सहा शब्दांच्या ओळीवरून मूल दोन मिनिटे बोलते हे ऐकल्यानंतर वही रिकामी असल्याची तक्रार माझ्याकडे तरी पुन्हा आलेली नाही. घणसोलीच्या पालकांनी हा प्रयोग घरी करून पाहावा. पूर्ण वाक्यातील उत्तर, ज्याला घटक चाचणीत गुण मिळतात, ते त्या बोलण्यातूनच तयार होते आणि मार्गदर्शकातून पाठ केलेल्या उत्तरापेक्षा जास्त टिकते.

अडखळत वाचणाऱ्या मुलांना वगळू नये, परंतु त्यांना उताराही देऊ नये. त्यांना ऐरोलीच्या बाईंसारखे ऐकवून टिपू द्यावे आणि शब्दाऐवजी चित्राची मुभा द्यावी: इंजिनाचे चित्र आणि शेजारी 3 हा आकडा. चित्राखाली नाव मागाहून लिहून घ्यावे. यातली काही मुले निवडण्यात वर्गातल्या चांगल्या वाचकांपेक्षा सरस निघतात, कारण लिहिणे त्यांना कष्टाचे असल्यामुळे अनावश्यक शब्दासाठी पेन्सिल उचलायला ती मुळातच तयार नसतात. त्यांचे टिपण वर्गापुढे नमुना म्हणून वाचून दाखवावे. मी ते नाव घेऊन करतो.

वेगळ्या वहीबद्दल शेवटचे: शंभर पानी घेऊ नका, चाळीस पानी पुरेशी आहे. मोठी वही पाहिली की मुले ती भरायच्या मागे लागतात.